चाक सरळच धरलं

प्रिय कीरन,

बुधवार, १२ जून, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं. सिडनीत बसून तू परवाना कार्यालयाला कळवलंस की तुझ्या आईला गाडी आवरत नाही आणि तिचं डोकंही ठिकाणावर नाही. मला विचारलंसुद्धा नाहीस. त्यांचा कागद आला तेव्हा कळलं. परवाना गेला तर माझं दुकान, दवाखाना, रविवारचं चर्च, सगळं बंद. आपल्या घरावरून बस जात नाही, हे तुला सांगायला नको.

आदल्या संध्याकाळी कोबार गावाहून येताना तुझी टॅम्सिन माझ्या शेजारी होती. दिवस बुडत होता. झुडपातून कांगारूने थेट गाडीपुढे उडी मारली. तुझी बायको किंचाळली, "अहो आई, वळवा! वळवा ना!" मी वळवलं नाही. चाक सरळ धरलं, करकचून ब्रेक दाबला आणि बसायची ती धडक बसू दिली. इकडे गाडी शिकवताना आधी हेच शिकवतात. सिडनीत याला म्हातारीचा मंदपणा म्हणत असतील.

मग मी उतरले. मादी होती, जागीच गेली होती. तिच्या पिशवीत हात घालून पाहिलं. पिशवी तपासल्याशिवाय इथलं कुणी पुढे जात नाही. आत लव आलेलं पिल्लू होतं, जिवंत. त्याला स्वेटरमध्ये गुंडाळून छातीशी धरलं. आणि टॅम्सिनने तुला फोनवर काय सांगावं? "आई वेड्यासारखं करतायत, मेलेल्या जनावराच्या पोटात हात घालून त्याच्याशी बोलतायत!" बोलत होतेच. "थांब रे बाळा, झालं, झालं," असं पिल्लाला म्हणत होते. शेजारच्या नोरीनकडे ते आता बाटलीने दूध पितंय. ती म्हणाली, "सुनेला सांग, ओरडायचं तर ओरड, पण टॉर्च तरी धर."

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पाठीमागे चहाडी करणाऱ्या मुलीला सिस्टर इग्नेशस कोपऱ्यात उभं करत. तू चाळिशी ओलांडलीस, नाहीतर तुलाही केलं असतं.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर हा विषय निघाला की तू "आई, नेटवर्क नाही" म्हणतोस. तुझ्या बाबांनी चाक वळवलं होतं. एका एमूला वाचवायला. एमू पळाला, ते झाडावर आदळून संपले, आणि मागच्या सीटवर सात वर्षांचा तू होतास. त्या झाडावरून मी तेव्हापासून गाडी नेते आहे. दुसरा रस्ता नाही. तुला भीती वाटते, कळतं मला. पण तुझ्या भीतीला माझं म्हातारपण म्हणायचं नाही. तक्रार मागे घे आणि घेतल्याचं लेखी उत्तर शुक्रवार, २८ जूनला दुपारी बारापर्यंत माझ्या हातात पडू दे. नाहीतर शनिवारी उजाडताच निघते आणि तुझ्या दारात येऊन हॉर्न वाजवते. परवाना अजून माझ्याच पर्समध्ये आहे.

तुझीच,
गाडी चालवणारी आई
डिम्फना