छप्पर मासळीबाजाराला

मी, खाली सही करणार, वय एक्क्याऐंशी, धंद्याने वास्तुरचनाकार, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी सकाळीच लिहून दिले आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही, पण वाटणी गुडघ्यांनी करायची नसते. कुणाचाही दबाव माझ्यावर नाही. भाच्याने आणून पाहिला. ते पुढे येईलच.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्व काही भाच्याला दिले होते. तेव्हा तो लहान होता आणि गोड बोलायचा.

कलम एक. राहते घर भाच्यालाच द्यावे. माझ्या बहिणीला मी तसा शब्द दिला होता, आणि शब्द देताना पोरगे पुढे काय निघेल हे कुणाला कळते? न्हाणीघराचा नळ गळतो. तोही त्याचाच.

कलम दोन. आरेखनाचा फळा, त्रिकोणी गुण्ये, कंपास आणि जर्मन पेन्सिली भाच्याच्या मुलीला. ती भिंतींवर चित्रे काढते म्हणून बोलणी खाते. या मृत्युपत्रान्वये भिंती तिच्या बापाच्या होत आहेत, तेव्हा तिने जपून काढावीत, पण काढावीत.

कलम तीन. जागतिक प्रदर्शनातले आपले राष्ट्रीय दालन. याबद्दल इतकी थापेबाजी छापून आली आहे की खरे काय ते एकदा लिहून ठेवते.

स्पर्धा आमच्या कार्यालयाने जिंकली. कार्यालय म्हणजे मी आणि माझा भागीदार. मंत्र्यांना घुमट हवा होता. मी म्हटले, "साहेब, तिथे माणसं दिवसभर चालून चालून मेटाकुटीला आलेली असतील. त्यांना सावली आणि टेकायला जागा देऊ." मंत्र्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी राष्ट्रध्वजाची चादर करायला निघाले होते. तेव्हा भागीदार म्हणाला, "साहेब, हा घुमटच आहे. फक्त उलटा." मंत्री खूश. ती एक थाप त्याने मारली नसती तर दालन उभेच राहिले नसते, हे मान्य करते.

दालन म्हणजे एक उंच लाकडी छप्पर, मधोमध गरम हवा वर निघून जाण्यासाठी लांब फट, खाली बाक, आणि भिंत एकही नाही. बाकीच्या देशांनी कारंजी नाचवली, यंत्रमानव बोलते केले. आमच्याकडे लोक बूट काढून झोपायचे. आपल्या वर्तमानपत्रांनी छापले, 'देशाची अब्रू बाकावर घोरत पडली.' परीक्षकांनी पहिले बक्षीस दिले, तेव्हा त्याच वर्तमानपत्रांना आपली विश्रांतीची थोर परंपरा आठवली.

बक्षीस घ्यायला भागीदार व्यासपीठावर गेला, कारण मी तापाने फणफणले होते. रचना कुणाची, असे विचारल्यावर तो म्हणाला, "माझी." पितळी पाटीवर तेच कोरले गेले. मी जाब विचारला, तर म्हणे, "अगं, माईक समोर होता, तोंडातून निघून गेलं." त्यानंतर इतकी वर्षे त्याच्या तोंडातून दुसरे काही निघाले नाही.

प्रदर्शन संपल्यावर दालन खोक्यांत भरून परत आले आणि बंदरावरच्या गोदामात कुजू लागले. शेजारीच मासळीवाल्या बायका भर उन्हात बसत. मी नगराध्यक्षांच्या मागे हात धुऊन लागले आणि छप्पर तिथे उभे केले. त्यांच्या संघटनेची प्रमुख, जिला सगळे अक्का म्हणतात, वर बघून म्हणाली, "बाई, एवढं उंच कशाला? मासे उडतात का?" दुपारपर्यंत बर्फ टिकलेला पाहून तिने मला एक मासा फुकट दिला. तिच्याकडून फुकट तेवढेच.

आता संग्रहालयाच्या संचालकांना त्याच छपराखाली काचेच्या भिंती आणि तिकीटखिडकी हवी आहे. बायकांना गावाबाहेर हलवायचे आहे. मूळ नकाशांवर सही माझी असल्याने, छप्पर उभारताना नगरपालिकेशी झालेल्या करारानुसार कुठल्याही बदलाला संमती माझी लागते. संचालक म्हणाले, "ताई, पाटी बदलू. तुमचं नाव मोठ्या अक्षरांत." खोटे कशाला सांगू, तोंडाला पाणी सुटले. विचार करून सांगते म्हटले आणि बाजारात गेले.

अक्काने विचारले, "तिकडं आम्हाला छप्पर कसलं?"

"पत्र्याचं."

तिने माशाचे डोके उडवले. "मग तुमचं नाव तुम्हीच येऊन वाचा. आम्ही काय तिकीट काढून येणार नाही."

मी संचालकांना नाही म्हणून कळवले. ते गोड हसून म्हणाले, "काही हरकत नाही, वारसांशी बोलू." बोलणे आधीच झाले होते. भाचा येऊन म्हणाला, "मावशी, सही कर ना, इतिहासात जाशील!" मी म्हटले, "तिकडेच चालले आहे रे, ढकलू नकोस."

म्हणून त्या नकाशांचे सर्व हक्क आणि संमती देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार मी मासळीवाल्यांच्या संघटनेला देत आहे. बँकेतली ठेव छपराच्या डागडुजीसाठी त्यांनाच. संचालकांना दालन पाहायचे असल्यास पिशवी घेऊन यावे.

कलम चार. भागीदाराला काही नाही. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळू शकत नाही, असे वकिलांनी सांगताच मी त्याला साक्षीला बोलावले. काठी टेकत जिने चढून आला. आत्ता समोर बसून आधीची पाने वाचतो आहे. साक्षीदाराने वाचायची गरज नसते, हे त्याला सांगून झाले.

"उलट्या घुमटाचं लिहिलंस, बरं केलंस," म्हणाला.

"पाटीचंही लिहिलंय."

"वाचलं." मग पाने जुळवून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "चहा टाकू का?" सध्या स्वयंपाकघरात साखर शोधतो आहे.

कलम पाच. मी गेल्याच्या दिवशी बाजार बंद ठेवू नये. शोकसभा घ्यायचीच असेल तर बसून घ्यावी.

ठिकाण: राहते घर. दिनांक वकिलांनी घालावा. मला आज बुधवार आहे एवढेच माहीत आहे.

सही: (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार पहिले: सही. व्यवसाय: डॉक्टर.

साक्षीदार दुसरे: सही. व्यवसाय, स्वहस्ते: निवृत्त. पूर्वी यांच्या कार्यालयात बोलायचे काम पाहत असे.