सभागृहात मी 'नाही' म्हणाले

मुंबई, ९ मार्च १९५५

ती. अंबूताईस, धाकटीचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. चिंचवडची घरपट्टी कमी करा, हे माझं बोलणं विधानसभेत नीट ऐकून घेतलं. गावात सांग.

काल वेड्यांच्या इस्पितळात खाटा वाढवा म्हणाले. एक आमदार ओरडले, "बाई, पट्टी कमी आणि खाटा जास्त? घरचंच कुणी आहे वाटतं!" सगळे हसले. मी "नाही" म्हणाले.

आपल्या भावाला, ज्योतीरामाला, वेड लागलंय हे कळू नये म्हणून तुझ्या मंदाची सोयरीक ठरेपर्यंत मागच्या खोलीत ठेवलंय. पण काल मी त्याला कुणासाठी लपवलं, कळत नाही. जेवतो ना गं तो?

सोमवारी पुन्हा बोलायचंय. सभागृहात खरं सांगून टाकू का? तार कर. पण आधी त्याला विचार. आपण त्याला कधी काही विचारलंच नाही.

तुझी,
गोदू