अध्यक्ष मी, बहुमत कासिमभाईंचं

रियाध, शुक्रवार संध्याकाळ

अजून डोकं तापलंय. सभासदांनी मला आमच्या कोकणी मंडळाची अध्यक्ष निवडलं, पण कार्यकारिणी भरली कासिमभाईंच्या माणसांनी. आज मी ठराव मांडला, आपल्या नर्सना सभासद करून घ्या. विरोधात भराभर हात वर. ते हात! आजारपणात याच पोरींनी धरलेले.

"आधी बहुमत आणा, डॉक्टरीणबाई," कासिमभाई हसले.

संसद विरोधात गेली की राष्ट्राध्यक्षांचंही असंच होत असेल का?

बाहेर नर्स झुबेदा थांबली होती. म्हणाली, "आपा, आम्हाला मतच नाही, तर तुमचं बहुमत येणार कुठून?"

तशीच परत आत गेले. सभेपुढचे विषय अध्यक्षच ठरवते. म्हटलं, "यापुढे प्रत्येक सभेत पहिला ठराव हाच."