माळ्यावरची चेनपुली

धाकट्या,

गुरुवारी माझ्या मणक्याचं ऑपरेशन आहे. डावा पाय ओढावा लागायला लागला, तेव्हा कुठे मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी प्लॅस्टिकचे मणके हातात देऊन समजावलं, की मधली गादी सरकलीय आणि पायाकडे जाणारी नस दाबतेय.

"म्हणजे बुश बाहेर येऊन वायर चेपतोय," मी म्हटलं.

"तसंच समजा. सरकलेला तुकडा काढू. पायाची कळ बहुतेक जाईल, कंबर पूर्ण थांबेलच असं नाही. आणि यापुढे जड उचलायचं नाही."

"मग गॅरेजात मी करू काय?"

"तोंड शाबूत आहे की तुमचं." बाई माणूस ओळखतात.

तू जड सामान उचलायला चेनपुली आणलीस, तेव्हा चार माणसांत मी म्हणालो होतो, "ज्याला पाठ नाही त्याला पुली." आणि गिअरबॉक्स हातांनी उचलून दाखवला. तू त्याच दिवशी गॅरेज सोडलंस. तो गिअरबॉक्स उचलतानाच माझ्या कमरेत कट्ट वाजलं होतं. इंजिनाचा आजार कानाने ओळखणारा मी, मला ते नीट ऐकू आलं होतं. सहा वर्षं कुणाला बोललो नाही.

संमतीपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. तिथे तुला न विचारता तुझं नाव लिहिलंय.

पण हे पत्र पोस्टात टाकणार नाही. दया येऊन आलेला तू मला नकोस, गुरगुरत आलास तर चालेल. म्हणून उद्या फोन करून एवढंच सांगेन, की तुझी पुली माळ्यावरून काढून टांगलीय, पण साखळी अडकतेय, येऊन बघ.

तेल दिलंय मी तिला. लोण्यासारखी चालते.

तुझा,
दादा