मिशीबद्दलचं मत

४ मे

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

मी कागद-पेन घेऊन बसले यावरूनच ओळख की माझा नाइलाज झाला आहे. फोन तू उचलत नाहीस. परवा उचललास, तर तुझ्या भाऊजींचा पाय जिन्यात मुरगळला असं मी सांगितलं आणि तू खुशीत म्हणालास की वा, बरं झालं, असंच चालू राहू दे. भाऊजी शेजारीच पाय उशीवर टाकून बसले होते. आता पाय ठीक आहे, मन सुजलेलं आहे.

माझं स्पष्ट मत, कान तपासून घे. मी दिवसभर लोकांना गाडी शिकवते. ज्यांना मागचं नीट दिसत नाही ते तसं कधी कबूल करत नाहीत, आरसाच वाकडा बसवलाय म्हणतात. तूही आता फोनला नावं ठेवशील.

माझा लोभ आहे तसाच आहे. भाऊजींचा मात्र तुला नव्याने मिळवावा लागेल.

तुझी,
ताई

९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींना नमस्कार, मुरगळलेल्या पायाला वेगळा.

फोनच खराब आहे. तू आधीच बोलून ठेवलंस म्हणून लिहायला जिवावर येतं, पण खरं ते खरं. माझं काम हातांचं आणि डोळ्यांचं. कानांशी संबंध एवढाच की गिऱ्हाइकाचे कापायचे नाहीत.

आणि ऐकू येत नसतं तर अख्खी गल्ली सल्ला घ्यायला माझ्याच सलूनमध्ये आली असती का? परवाचीच गोष्ट. कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक खुर्चीत बसला होता. बराच वेळ आरशात बघत मिशीवरून बोटं फिरवत होता, काहीतरी पुटपुटत होता. मग वळून म्हणाला, काढून टाकू का? मी म्हटलं, खुशाल काढा. इतकी वर्षं सांभाळून मिळालं काय? वेळीच हात चालवला नाही तर डोईजड होतं. चार दिवस चुकल्यासारखं वाटेल, लोक बोलतील, मग सगळे विसरतील. त्याचा चेहरा एकदम हलका झाला. माझा हात हातात घेऊन बराच वेळ सोडेना. नंतर मिशी तशीच ठेवून निघून गेला, ते काही कळलं नाही. घरी स्वतः काढणार असेल.

तर असं आहे. तुझ्या गाडीत बसणाऱ्यांना सल्ले दे, माझ्या खुर्चीचं मी बघतो. राग आला तरी धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
बारक्या

२१ मे

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्हा दोघांची पत्रं चालू आहेत, त्यात माझं एक. यांना न विचारता लिहिते आहे. विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

बेकरीवाल्याने मिशी काढली नाही. धाकट्या भावाला काढलं. वीस वर्षं पहाटे उठून पीठ मळणारा भाऊ, त्याला घरी बसवलं. काल तो भाऊ दाढी करायला आला. वस्तरा मानेवर असताना त्याने यांना शांतपणे विचारलं की मी तुमचं काय वाईट केलं होतं. यांना ते दोनदा ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा तो मोठ्याने बोलला, तेव्हा बाकावर बसलेल्या सगळ्यांनीच ऐकलं. वर म्हणाला, दादा सांगतो की तुम्हीच म्हणालात, डोईजड झालाय, काढून टाक.

यांनी सलून बंद केलं आहे. घरात पंख्याकडे बघत पडलेत, जेवणावरही वासना नाही. म्हणतात की आता कुणाच्या डोक्याला हात लावायची लायकी राहिली नाही. मी समजावते, पण मी कुजबुजले तर कळत नाही आणि ओरडले तर भांडण वाटतं. ताई, ते तुमचं मानतात. दोन शब्द लिहा.

आहे त्या मायेत मलाही धरत जा.

तुमची,
भावजय

२५ मे

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

मी तुला बोलणार नाही. बोलायचं ते तू स्वतःला बोलून झालं असशील.

माझं मत मात्र ऐक. आधी बेकरीवाल्याकडे जा आणि तुला काय ऐकू आलं आणि काय नाही ते सांग. हसू होईल, होऊ दे. एका माणसाचं घर बसलंय, त्यापुढे तुझं हसू काय मोठं. मग कानाच्या डॉक्टरांकडे. चाळिशी लागली तेव्हा नाकावर चष्मा चढवलास, वर दुकानभर मिरवलास. मग कानानेच असं काय घोडं मारलंय?

पंख्याकडे बघणं थांबव. त्याला सल्ला देता येत नाही.

तुझी पाठराखण करायला मी आहेच, फक्त तू पाठ टेकून पडू नकोस.

तुझी,
ताई

१७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो. बेकरीत गर्दी होती, तरी सगळ्यांसमोर सांगितलं की मला मिशीच वाटली. कुणी हसलं नाही. मालक मला मागच्या खोलीत घेऊन गेला आणि पिठाच्या पोत्यावर बसला. म्हणाला, मी बऱ्याच जणांना विचारलं होतं, सगळे नको म्हणाले. हो म्हणणारे तुम्हीच, म्हणून तुमचंच धरलं. संध्याकाळी तो भावाच्या घरी गेला. भावाने त्याला बराच वेळ दाराबाहेर उभं केलं, मग आत घेतलं. भाऊ कामावर परतलाय, पण दादाशी कामापुरतंच बोलतो. माझ्याकडे अजून येत नाही. रस्त्यात दिसलो तर मान हलवतो, तेवढंही पुष्कळ आहे.

कानाचं मशीन बसवलं. सलून उघडलं तर कात्री एवढा आवाज करते हे नव्यानेच कळलं. दुसरं एक कळलं. गिऱ्हाईक विचारतं, घर बदलू का, मुलीला दूर शिकायला पाठवू का. मी आता पुरतं ऐकून घेतो आणि तुमच्या मनात काय आहे, एवढंच विचारतो. केस कापून होईपर्यंत त्याचं त्यालाच उत्तर सापडतं, आणि जाताना ते माझे आभार मानतं.

घरी मात्र नवलच. मला वाटायचं आपलं घर शांत आहे. तुझी भावजय काम करताना दिवसभर गुणगुणते. कधीपासून, असं विचारलं, तर म्हणाली लग्न झाल्यापासून. काल मी भाजी चिरायच्या निमित्ताने स्वयंपाकघरातच बसून राहिलो. ताई, सूर साफ चुकतो. त्याबद्दल माझं ठाम मत आहे, पण मला कुणी विचारलेलं नाही.

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेला,
बारक्या