म्हाताऱ्याच्या शिव्या आणि आमची होडी

४ मार्च

होडी माझ्या नवऱ्याची, अंगण माझं, आणि ती फोडायची हे ठरवलं कोणी? मुलाने! जेवता जेवता म्हणतो, "आई, ती मागची होडी फोडून टाकू, तिथे गाडीला छप्पर करू." विचारलं नाही, सांगितलं. मी काय भिंत आहे?

होडी आणि हा एकाच वर्षाचे. होडीने कधी उलट उत्तर दिलं नाही. म्हाताऱ्याने तिच्यातून जन्मभर मासे आणले. तो गेला, ती अंगणात उपडी पडली. आता तिच्याखाली माझ्या कोंबड्या अंडी घालतात. काम करतेच आहे की! हा सुट्टीला काय करतो? लोळतो.

५ मार्च

त्याच्या चहात साखर घातली नाही. कळलंसुद्धा नाही मेल्याला!

९ मार्च

नात आली. टिटवी. घरात शिरायच्या आधी हिचा आवाज शिरतो, म्हणून टिटवी. सोबत दोन मैत्रिणी, आणि गाडीच्या टपावर बांधलेल्या लांब फळ्या. त्यांच्यावर उभं राहून लाटेवरून घसरतात म्हणे. घसरायला इतक्या लांब कशाला? आमच्या मोरीत या!

यांना होडी हवी. रस्ता पोचत नाही तिथल्या लाटा शोधायच्यात. शोधायच्या! म्हाताऱ्याचा जन्म गेला लाटा चुकवण्यात.

मुलगा म्हणाला, "तरली तर न्या. रविवारपर्यंत नाही तरली, तर सोमवारी कुऱ्हाड." टिटवीने लगेच टाळी दिली. बापावर नाही गेली, माझ्यावर गेली.

१३ मार्च

कोंबड्या हलवल्या. काय बोलल्या मला! सुताराने फटी बुजवल्या, होडी धक्क्याशी पाण्यात सोडली — आणि बघता बघता काठोकाठ भरली.

"बघा! गेली!" मुलगा.

"जाऊ द्या," सुतार म्हणाला. "इतकी वर्षं कोरडी पडलीय, पिऊ द्या तिला. लाकूड फुगलं की फटी मिटतील."

मुलगा हसला. टिटवी गप्प. टिटवी — गप्प!

१५ मार्च

उपसली. भरली. उपसली. भरली, पण कमी. धक्क्यावर खुर्ची टाकून बसलेय. कुऱ्हाड माझ्या खुर्चीखाली.

१७ मार्च

रविवार उजाडला, आणि होडी कोरडी!! मी आत बोट फिरवून पाहिलं. मुलानेही फिरवलं, पँटला पुसलं. मग हळूच म्हणतो, "बाबा इथे बसायचे ना?" म्हटलं, हो, आणि तू इथे ओकायचास.

टिटवीने विचारलं, "आजी, आजोबा कुठे कुठे जायचे नाहीत?" आता मला काय ठाऊक? पण घरी येऊन ज्या जागांना शिव्या द्यायचा, त्या पाठ आहेत. खडकाच्या टोकापलीकडे 'सासूचा जबडा'. उथळ वाळूवर 'मेव्हण्याचा हिसका'. माझ्या माहेरचं एक माणूस सोडलं नाही! आणि दोन टेकड्यांच्या मधे 'बायकोचं तोंड' — एकदा सुटलं की किनारा येईपर्यंत थांबत नाही.

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. "आजी, अशीच लाट तर हवी!"

२१ मार्च

आल्या! केसांत मीठ, नाकं भाजलेली, भूक राक्षसाची. जबड्यात एकीची फळी मोडली. हिसका ठीकठाक. "पण आजी, तुझी लाट! लांब, गुळगुळीत, संपतच नाही गं!"

आणि म्हातारा जन्मभर ती लांबून बघून पळाला. मला होडीत एकदाही घेतलं नाही — "तुझ्या बडबडीने मासे पळतील." मी इतकी हसले की सून पाणी घेऊन धावली.

२२ मार्च

चालले. होडीतून. माझी लाट, ते 'बायकोचं तोंड', मला बघायचीय. चहा झाकून ठेवलाय, साखर घातलीय. कोंबड्यांना दाणे मुलाने टाकायचे. आणि म्हातारी या वयात गेली कुठे असं कोणी विचारलं, तर उत्तर त्यानेच द्यायचं. मोठ्याने.