उंबरटेकचं पाणी

१६ मार्च, रविवार

रविवार आहे हेच विसरले! आमच्या घराचा जुना उतारा काढायला गेले, तर तलाठी कार्यालयाला हे भलं मोठं कुलूप. पोलादपूर स्टँडवर दोन चहा ढोसले आणि मुकाट बिरवाडीला परत. उतरलेय मावसबहिणीकडे, सारिकाकडे. हसतेय मला — "रजा टाकून दगडमाती बघायला आलीस होय गं दर्शना?"

हो, आले! अर्धांगवायूनं पडल्यापासून बाबांचा एकच हट्ट — गावच्या घराचं जोतं बघून ये, फोटो आण. आणि वर शपथ — तिथलं पाणी प्यायचं नाही. मी कशाला पिते! गावानं आम्हाला वाळीत टाकलं, आजोबांना घरदार सोडावं लागलं, हे लहानपणापासून ऐकतेय. त्या गावातल्या एकानं तरी माझ्यासमोर "चुकलं" म्हणावं. तेवढ्यासाठी आलेय.

१७ मार्च

बाबा जन्मभर नुसतं "वरची वाडी" म्हणत आले. आज तलाठ्याकडे आजोबांच्या जुन्या उताऱ्यावर नाव सापडलं — उंबरटेक! शिपाई म्हणाला, "जुनं काय इचारायचं तर तुळसाबायला. दुसरं कोन ऱ्हायलंय तिथं? सगळे मुंबयला."

१८ मार्च

पाऊण तास चढ. जीव नुसता मेटाकुटीला आला. पाच घरं, चारांना कुलपं.

तुळसाबाई बाबांच्याच वयाच्या. मी आजोबांचं नाव सांगितलं, तर सरळ पुढे चालायला लागल्या. आणि जोतं बघते तर काय — शेणानं सारवलेलं! कोपऱ्यात पणती. "कोण करतं हे?" तर म्हणाल्या, "मीच. शिमग्याला कुनाचंबी जोतं काळोखात ठेवू नाय."

मग घरातून तांब्या घेऊन आल्या. घसा कोरडा पडला होता, तरी म्हटलं, "नको. बाबांनी शपथ घातलीय."

हात तसाच राहिला त्यांचा. मग तांब्या जोत्यावर ठेवला. "तुमचं अजून चालूच हाय व्हय गो?" म्हणाल्या आणि गेल्या.

काय चालू आहे? चिडायला मी हवी, आणि ही बाई माझ्यावरच रुसते!

१९ मार्च

कशात लक्ष लागत नाही. चहा दोनदा उतू घालवला. आईला व्हिडिओ कॉल करून बाबांना जोत्याचा फोटो दाखवला. कितीतरी वेळ बघत होते. "सारवतं कोण?" तुळसाबाई म्हटल्याबरोबर तोंड भिंतीकडे केलं. आई म्हणते, जेवले नाहीत.

उद्या परत चढते. त्याशिवाय जिवाला चैन पडायची नाही.

२० मार्च

आज चवदार तळ्याचा सत्याग्रह दिन; महाडकडे निघालेल्या गर्दीत गाडी तासभर अडकली. उंबरटेकला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर.

सरळ विचारलं. त्यांनीही सरळच सांगितलं.

वाळीत आम्ही नव्हतो. त्या होत्या. आणि टाकणारे माझे आजोबा! "गावकीत त्याचाच शब्द. बांधावरनं भांडान झालं नि माझ्या बापाला वाळीत टाकला. आमच्या हातचं पानी कुनी प्यायचं नाय, आमी हिरीवर जायचं नाय. पाच वर्सं. आय मेली तवा खांद्याला मानूस नाय. बापानं न् मामानं नेली." पुढे त्यांच्या बापानं कोर्टात केस केली, आजोबा हरले. गावातला मान गेला, म्हणून उठून मुंबईला गेले. कुणी हाकललं नव्हतं.

"मी खालच्या वहाळावरनं कळशी भरून वर आले का एक पोरगं उभंच. लाथ मारून वतून द्यायचं. रोज."

"कुणाचं पोरगं?"

"जाऊं दे गो. बाप सांगंल तसं पोर करनार."

लाज वाटली. परवा मी हिच्या हातचं पाणी नाकारलं, आणि वर तोऱ्यात! "चुकलं" शब्द ऐकायला आले होते, तो मीच म्हटला. मग तांब्या मागून घेतला. गटागटा प्याले.

२१ मार्च

फोनवर बाबांना सगळं सांगितलं. शपथ मोडली, हेही.

रागावतील वाटलं होतं. पण जड जिभेनं एवढंच विचारलं, "दिलंन तिनं? तुला?"

"हो."

"कळशी मी ओतायचो, दर्शना."